आधी टेप

डाव्या तळहातावरचा घट्टा, आता मऊ पडत चाललेला.

सिटी बसची दोन तिकिटं, घडी घातलेली.

कानाचं यंत्र डबीत. कानात घालून उपयोग नाही, म्हणून डबीत.

पाचोडचा बाजारतळ, निळ्या झालरीचा मंडप, ढोलकीवर वाकलेला एक माणूस. हे सगळं करुणाच्या मोबाइलमध्ये, व्हिडिओत.

शहागंजातल्या दुकानात रईसभाईंनी सगळ्यात मोठ्या स्क्रीनचा टेप चालू केला. गाड्यांचे टेप आणि स्पीकर भिंतीवरच्या फळीवर ओळीनं बसवले होते. खाली जमिनीवर सबवूफरचा खोका, नुसता खर्ज घुमवणारा.

"ये लेव ताई. टीव्हीच समजा. गाडी कौन सी है?"

"वरचे स्पीकर बंद करा," करुणा म्हणाली. "फक्त खालचा खोका वाजवा."

रईसभाईंनी स्क्रीनवर बोट फिरवलं. वरचे स्पीकर गेले. खोकाही गेला.

"दोन्ही एकाच आवाजावर चालतात यात. पण वरचे बंद करून गाणं ऐकतं कोण?"

शेजारी स्टुलावर करुणाचे वडील, पुंडलिक, बसले होते. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून उचलायचे. रईसभाईंच्या तोंडात पान होतं.

"काय म्हणतोय त्यो?"

करुणानं तोंड त्यांच्यासमोर नेलं. "विचारतायत, असं गाणं कोण ऐकणार."

"बरोबर इचारतोय. बहिऱ्याला टेप घेतीस. वस्तीत कळलं तर लई हसतील."

"हसू द्या," ती म्हणाली. आणि रईसभाईंकडं वळून, "दुसरा दाखवा."

दुसऱ्यात खोक्याच्या आवाजाचं बटण वेगळं होतं. रईसभाईंनी मोबाइल बिनवायरचा जोडला, वरचे स्पीकर बंद केले. खोका घुमला. फळीवरचे स्क्रू थरथरले. करुणानं वडिलांचा डावा हात धरून खोक्यावर ठेवला आणि मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

ढोलकीच्या डाव्या पुडीला, खर्जाच्या बाजूला, पुंडलिक धुम म्हणत. कान गेल्यापासून त्यांनी ढोलकी खुंटीवरून काढली नव्हती. करुणानं विषय काढला की एकच उत्तर: मला काय म्हाईत, वाजती का नुसती हलती.

मोबाइलमधला हात धुमेवर पडला. पुंडलिकांनी खोक्यावरचा हात काढून घेतला.

"ह्यो मी नाय."

"आबा, तुम्हीच आहात. शर्ट बघा."

"शर्ट माझा हाय. हात माझा हाय. ठोका दुसऱ्याचा हाय. हात पडून गेल्यावर येतोय." त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "मी कधी मागं पडलो नाय. तुझी आई गाताना पळायची, तरी नाय."

रईसभाई वाकले. मोबाइलकडं बघत त्यांनीही खोक्यावर हात ठेवला. पान एका गालात सरकवलं.

"बिनवायरचं येतं असं कधी कधी. चित्र पुढं, आवाज जरासा मागं. कुणाच्या ध्यानात येत नाही."

"यांच्या येतं."

"ताई, गाडी सांगा ना. गाडी कळली तर मी..."

"आधी टेप. वायर खुपसायला भोक पाहिजे आणि खोक्याचं बटण वेगळं पाहिजे. दोन्ही."

"नये माल में वायर का भोक कौन देता?"

"जुना काढा."

"स्क्रीन नाही मिळणार. नुसते आकडे दिसतील."

"बघायला मोबाइलमध्ये त्यांचा हात आहे."

रईसभाई पान थुंकून आले आणि माळ्यावर चढले. खाली आले ते धुळीची एक पेटी घेऊन. काळा, साधा टेप. एक गोल बटण, बाजूला वायरीचं भोक. ते उकिडवे बसून तारा जोडू लागले. पुंडलिक उठले.

"चल आता. झालं की."

"बसा."

"हट्टी हाईस."

"कुणाची हाय?" करुणानं त्यांचं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

वायर लागली. वरचे स्पीकर बंद. करुणानं स्वतः बटण फिरवून खोका वाढवला, वडिलांचा हात त्यावर दाबला, मोबाइल समोर धरला.

हात पडला.

पुंडलिकांनी हात काढला नाही. नुसते बघत राहिले. मग त्यांचा उजवा हात गुडघ्यावर आला. आधी दोन बोटं, मग चार. खोका जे देत नव्हता ते, उजव्या पुडीचे चढे बोल, उजवा हात भरून काढू लागला. दुकानात खालचा घुमारा आणि पँटच्या कापडावर बोटांची टपटप, एवढंच. रईसभाई पक्कड हातात घेऊन तसेच बसून राहिले.

"धुम उतरलीया, पुडी ढिली पडलीया," पुंडलिक म्हणाले. हात चालूच. "त्या दिवशी मी सांगत होतो तुझ्या आईला. ती म्हणली, गपा, काय नाय झालं. आता बघ म्हणावं."

आई आता नव्हती. करुणानं मोबाइल तसाच समोर धरून ठेवला.

"हाच द्या," ती रईसभाईंना म्हणाली.

"घेऊन या गाडी मग. लगेच बसवतो. अब तो बताव, कौन सी है?"

करुणा मोबाइलची वायर गुंडाळत होती.

"खोका पुढच्या सीटखाली मावेल, अशी कोणती येते? तीच घेऊ."

सकाळी दोघं शहागंजला सिटी बसनं आले होते.