पुणे की जर्मनी

हैदराबादच्या कंपनीनं धम्मानंदची सगळी टीमच काढून टाकली, तेव्हा तो हुमनाबादला घरी आला. रडू येईना की राग येईना, आतून नुसता सुन्न. हातात दोन नोकऱ्या होत्या. एक पुण्याची पक्की, दुसरी जर्मनीची, वर्षभराच्या करारावर. आई, सरुबाई, सुपात तूर पाखडत होती. तिच्यासमोर तो मांडी घालून बसला.

“माय, तिकडची भाषा मला येत न्हाई. लोकांना तिथंबी काढायलेत. करार संपल्यावर पुढं काय, कुणी सांगावं? पुण्यातच ऱ्हाऊ का?”

माय ‘नको जाऊ’ म्हणेल आणि आपल्याला काही ठरवावंच लागणार नाही, एवढ्याच आशेनं तो आला होता.

सरुबाईचा हात थांबला.

“तिकडं खोली देताना आडनाव इचारतेत का रे?”

“न्हाई, माय.”

“मग जा,” ती म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली.

धम्मानंद तिच्याकडे बघतच राहिला. हैदराबादेत त्याला सारख्या खोल्या का बदलाव्या लागल्या, हे त्यानं घरी कधीच सांगितलं नव्हतं.