बाहेरून कुलूप

‘सदर कुटुंब दिलेल्या पत्त्यावर वास्तव्यास नाही. तीन भेटींत घर बंद आढळले. सबब, स्थलांतरित.’

अहवालातील तपशील निर्दोष होता. पत्ता बरोबर होता. भेटी खरोखरच तीन झाल्या होत्या, तिन्ही दुपारी बाराच्या सुमारास, आणि प्रत्येक भेटीचे छायाचित्र तारीख-वेळेसह जोडलेले होते. छायाचित्रातले कुलूपही खरे होते. एवढ्या सत्यांच्या बळावर उखा यांच्या कुटुंबाचे रेशनकार्ड दोन महिन्यांपूर्वी स्थगित झाले होते, आणि आजच्या अंतिम पडताळणीत चौथ्यांदा ‘बंद’ अशी नोंद झाली की ते कायमचे रद्द होणार होते. अहवालाने एकच गोष्ट तपासली नव्हती. ज्या कुलपावरून उखा सुरत सोडून गेल्याचे सिद्ध झाले, त्या कुलपाच्या आत ते झोपलेले होते.

“हळू बोला ना माय,” उखांच्या पत्नी प्रमिलाबाई ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या. “मानूस झोपेल शे.”

साड्यांना टिकल्या चिकटवायचे काम अर्धवट टाकून त्या समोरच्या घरातून धावत आल्या होत्या. बोटांना गोंद तसाच होता. सुरतेच्या गोडादरा भागातल्या त्या अरुंद गल्लीत शासनाची सुनावणी मग कुजबुजत सुरू झाली.

शासनाच्या वतीने दोघे आले होते. सर्वेक्षक चेतन, ज्याने ती तिन्ही छायाचित्रे काढली होती. आणि नूतन, जी आठ महिन्यांपूर्वी पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीतली मोठी नोकरी सोडून गुजरात शासनाच्या धोरण कक्षात रुजू झाली होती. तिच्या या निर्णयाला कार्यालयातले लोक त्याग म्हणत. तो शब्द तिने कधी नाकारला नव्हता.

“मॅडम, तिन्ही टाइम ताळं होतं,” चेतन म्हणाला. “मी काय ताळं तोडून आत बघू?”

“घरात माणूस असताना बाहेरून कुलूप कशाला लावता, मावशी?” नूतनने विचारले. तिच्या प्रश्नात आश्चर्य फारसे नव्हते.

“रात्रपाळी शे ना त्यास्नी. बारा तास लूमखात्यात मागापाशी उभं राहायचं, सकाळी येऊन पडायचं. दार नुसतं लोटलेलं दिसलं की येणारा-जाणारा हाक मारतो. कुलूप दिसलं की पुढे जातो.” त्यांनी कुलपाकडे बोट केले. “तुमचं सरकारबी पुढे निघून गेलं.”

चेतन हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

प्रमिलाबाईंनी कमरेची किल्ली काढून दार वीतभर उघडले. पंख्याखाली, डोळ्यांवर ओला पंचा टाकून, केसांत कापसाचा भुगा घेऊन स्थलांतरित गृहस्थ संथ घोरत होते. नूतनने आत पाहिले आणि हाताने खूण केली. दार पुन्हा बंद झाले. कुलूप पुन्हा लागले. ते लावताना प्रमिलाबाईंनी ते मुठीत धरून दाबले, जराही आवाज न करता. नूतनची नजर त्या मुठीवरून हलेना.

“ॲपमध्ये दोनच बटणं आहेत,” चेतन आता स्वतःचा बचाव करू लागला. “उघडं, नाहीतर बंद. तीनदा बंद दाबलं की पुढचं ते आपोआप लिहितं. कोणीतरी एसीत बसून बनवलं असेल, मॅडम. भेटला तर त्याला या गल्लीतला चहा पाजा एकदा.”

चहा आलाच. प्रमिलाबाईंनी शेजारणीकडून दोन कप आणले आणि पहिला नूतनच्या हातात दिला.

“दोन महिने झाले, कोणी दारापर्यंत आलं नाही. तुम्ही स्वतः आल्या. देव तुमचं भलं करो, ताई. तुमचे उपकार कसे फेडू?”

ज्याच्यावर अन्याय झाला त्याने अन्याय निस्तरायला आलेल्याचे आभार मानावेत, हा आपल्या प्रशासनाचा सर्वात जुना आणि सर्वात स्वस्त महसूल. नूतनने तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याला. मग तिने पायरीवर बसून पडताळणीचा अर्ज गुडघ्यावर ठेवला. ‘कार्ड पूर्ववत करावे’ असा शेरा लिहिला, सही केली. त्याखाली लिहिले की वॉर्डातल्या अशा सर्व एक हजार एकशे सहा बंद घरांची फेरतपासणी सायंकाळी सात वाजता, पाळी बदलण्याआधी व्हावी. शेवटचा रकाना उरला : ‘चूक होण्याचे कारण’.

“तिथं ‘तांत्रिक त्रुटी’ लिहा, मॅडम,” चेतन म्हणाला. “सगळे तेच लिहितात.”

तसे खरेच होते. त्या रकान्यात आजवर दुसरे उत्तर आलेच नव्हते, जणू तंत्र कोणी माणूस घडवीतच नाही. नूतनने मात्र बराच वेळ लिहिले. ओळी रकान्याबाहेर समासात गेल्या. तिचे गुजराती अक्षर वाचता वाचता चेतनच्या हातातला कप तसाच राहिला.

“काय लिहिलं एवढं?” प्रमिलाबाईंनी घाबरून विचारले. “कार्ड मिळेल ना?”

“मिळेल. या महिन्यापासूनच.”

“मग वाचा की, मलाबी समजू द्या.”

नूतनने बंद दाराकडे एकदा पाहिले आणि आतल्या माणसाची झोप मोडणार नाही अशा आवाजात, मराठीत, ते शब्दशः वाचले :

“तीन वेळा कुलूप दिसल्यास कुटुंब स्थलांतरित समजावे, हा ॲपमधला नियम कंपनीत असताना मी लिहिला. तो लिहिताना मी एकही दार पाहिले नाही. आज दार दाखवल्याबद्दल प्रमिलाबाईंची मी ऋणी आहे. अज्ञानाची सवलत मला देऊ नये. माझे वडील याच शहरात अठरा वर्षे रात्रपाळीला होते, आणि ते झोपल्यावर खोलीला बाहेरून कुलूप लावून, किल्ली गळ्यात घालून शाळेत जाणारी मुलगी मीच होते.”