हात करणारी माणसं

कौशल्याबाईंनी सिंहगड रस्त्यावर भर वर्दळीत मोटारसायकल वळवली. मागच्या स्कूटरवाल्याने कचकन ब्रेक दाबला. "काकू, परवाना आहे, की नुसतीच हौस?" तो ओरडला. परवाना होता. अकरा दिवसांपूर्वीच मिळाला होता. पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. आत्ताच समोरून आलेला एक येझदीवाला हात वर करून पुढे गेला होता. आज त्याला सोडायचं नव्हतं.

स्वतःच्या या येझदीवर मागे बसून त्यांनी तीस वर्षं काढली होती. लग्न होऊन औशाहून पुण्यात आल्या, तेव्हा शनिवार पेठेतल्या भाड्याच्या खोलीचा जिना उतरायचीही त्यांना धास्ती वाटे. दळण टाकायला गेलं तरी टोमणा ऐकून यावं लागे. एका रविवारी उत्तरेश्वररावांनी त्यांना गाडीवर बसवलं. त्यांनी नवऱ्याचा शर्ट मागून मुठीत घट्ट धरला. लकडी पुलावर समोरून एक मोटारसायकलवाला आला. त्याने हात वर केला, यांनीही केला. डेक्कन येईपर्यंत आणखी दोघांनी केला.

"अहो, किती ओळखी तुमच्या!"

"किती म्हणून सांगू," ते हसले आणि त्यांनी गाडी पळवली. ज्या गावात आपल्या माणसाला एवढी माणसं मानतात, तिथे भ्यायचं कशाला? त्या दिवसापासून कौशल्याबाई पुण्याच्या झाल्या.

गेल्या वर्षी ते गेले. तेराव्याला कौशल्याबाईंनी दोनशे पानांचा स्वयंपाक सांगितला. "आई, एवढं कोण येणार आहे?" सुदर्शनने विचारलं. "तू फक्त बघत राहा," त्या मुलाला म्हणाल्या. चाळीस पानं उठली. थोडे त्यांच्या कारखान्यातले, बाकीचे गावाकडचे. दुपार कलेपर्यंत त्या दाराशी उभ्या होत्या. तीस वर्षं रस्त्याने हात करणाऱ्यांपैकी एकही फिरकला नाही.

तो राग त्यांनी वर्षभर जपला. सुदर्शनने गाडीला गिऱ्हाईक आणलं, तेव्हा त्यांनी किल्ली कमरेला खोचली. "विकायची नाही. मी शिकणार. एकेकाला रस्त्यात गाठून विचारणार." सुदर्शन हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होता. "आई, जरा प्रॅक्टिकल हो," तो म्हणाला. "प्रॅक्टिकल तुझ्या हापिसात," म्हणून त्या धायरीच्या माळावर गेल्या. बजरंग मेकॅनिकने शिकवलं. "काकू, क्लच हळू सोडा. म्हशीचा कासरा न्हाय त्यो!" दोनदा पडल्या, गुडघा फुटला. साडी चाकात जाते म्हणून सुनेचा पंजाबी ड्रेस मागून घेतला. सून श्रद्धा तीन महिन्यांपूर्वी उदगीरहून आलेली. कोपऱ्यावरच्या वाण्यापलीकडे एकटी जात नव्हती. ड्रेस देतानाही तिनेच डोळे मिटून घेतले होते.

वडगावजवळ त्यांनी त्या येझदीवाल्याला गाठलं. "थांबा!" तो चाळिशीचा, दाढीवाला माणूस दचकून कडेला थांबला. कौशल्याबाईंनी गाडी स्टँडवर लावली. वर्षभर पाठ केलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"आमच्या ह्यांच्या तेराव्याला का आला नाहीत?"

"कुणाच्या?"

"उत्तरेश्वर कदमांच्या. ही गाडी त्यांची. आत्ता हात केलात ना तुम्ही?"

त्याने गाडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "कदमांना मी ओळखत नाही हो. हात तुम्हाला केला. रस्त्यात येझदी दिसली की आम्ही येझदीवाले करतो. पूर्वीपासूनच आहे ते. त्याला ओळख कशाला लागते?" मग तो गाडीवर बसत म्हणाला, "तुम्ही मात्र उलट केला नाहीत."

तो गेला. कौशल्याबाई सीटला हात टेकून उभ्या राहिल्या. म्हणजे लकडी पुलावर त्या रविवारी ह्यांना कुणीच ओळखत नव्हतं. तेही नवेच होते, एकटेच होते. आणि मागे शर्ट मुठीत धरून बसलेल्या बायकोला त्यांनी ते तीस वर्षांत एकदाही कळू दिलं नव्हतं. वर्षभराचा राग कुणाच्या अंगावर टाकायचा, ते त्यांना समजेना. त्यांनी किक मारली, येझदीत किक आणि गिअरची दांडी एकच, ती पुढे पाडून गिअर टाकला आणि घर गाठलं.

सोमवारी श्रद्धाला कर्वेनगरच्या एका कॉलेजात नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. पावणेदहा झाले तरी ती फाईल मांडीवर घेऊन बसून होती. "आई, मी नाही जात. या गावात माझ्या ओळखीचं एक कुत्रंसुद्धा नाही."

"ऊठ," कौशल्याबाई म्हणाल्या. "गाडीवर बस."

श्रद्धाने सासूचा स्वेटर मागून गच्च धरला. सिंहगड रस्त्याला बस, रिक्षा, टेंपो अंगावर येत होते. राजाराम पूल आला तरी एकही येझदी दिसली नाही. पाठीवरची मूठ आणखीच आवळली. समोरून एक तरुण चकचकीत नव्या मोटारसायकलवर येत होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्याला येझदी कशाशी खातात हेही ठाऊक नसेल. कौशल्याबाईंनी डावा हात हँडलवरून सोडला आणि वर केला. तो गोंधळला. मग त्यानेही हात वर केला. पुलाच्या टोकाला एका दूधवाल्याने केला. कर्वेनगरच्या वळणावर आणखी एकाने.

पाठीवरची मूठ सैल झाली.

"आई, किती लोक ओळखतात हो तुम्हाला!"

"किती म्हणून सांगू," कौशल्याबाई हसल्या आणि त्यांनी गाडी पळवली.