नमुन्याची तार

सेन्सरवालं कुंपण खपलं की सुरजच्या खिशात चाळीस हजार कमिशन पडणार होतं. म्हणून घोलवडला दक्षाबेनच्या चिकूवाडीला त्याने दहा मीटर तार नमुन्यादाखल फुकट ताणून दिली.

"बेन, नुसतं बोट लागलं तरी भोंगा वाजतो, तुमच्या मोबाइलवर फोन येतो. मग या नवशीमावशीला राखणीचे महिना आठ हजार कशाला मोजायचे?"

बारा वर्षं वाडी राखणारी नवशी शेजारीच उभी होती. "भाऊ, भोंगा न वाजवता चिकू काढला तर?"

"काढून दाखव ना मावशी!"

नवशीने चिकू उतरवायची बेडणी घेतली, टोकाला जाळी बांधलेला तो लांब बांबू. फाटकातून बाहेर रस्त्यावर जाऊन तिने ती तारेच्या वरून आत घातली आणि एकेक करत पाच चिकू बाहेर काढले. भोंगा गप्प. सुरजने दोनदा बॅटरी तपासली. ऑर्डर गेली, हे त्याने ओळखलं.

"तार घेते रे," दक्षाबेन म्हणाल्या. सुरजचा जीव भांड्यात पडला. "पण तारेला जे कळत नाही, ते बघायला नवशी लागणारच. तिचा पाच महिन्यांचा पगार बिलातून वजा कर, नाहीतर तार गुंडाळ."

सुरजने बिलातून चाळीस हजार वजा केले; गिऱ्हाइकाला दिलेली सूट कंपनी विकणाऱ्याच्या कमिशनमधूनच कापायची.



कंपनीला ऑर्डर मिळाली, बेनना कुंपण मिळालं, नवशीची नोकरी राहिली, आणि पैसे गेले ते एकट्या सुरजचे.