आजोबांचं तोंड

आमच्या घरचं चुन्याचं मडकं पणजीच्या काळातलं, हिरव्या झिलईचं. अशा मडक्याला आमच्या गावात आजोबा म्हणतात. विड्याला चुना लावून झाला की काडीवर उरलेला चुना आजोबांच्या तोंडाला पुसायचा. वर्षानुवर्षं थर चढतात आणि तोंड बुजत जातं.

“आजोबांचं तोंड मिटलं की घरधनिणीचंही मिटतं,” सासूबाई काळेभोर दात दाखवत म्हणाल्या. लगेच माझ्याकडे वळल्या. “आणि हा भात आहे की बदकांचं खाणं?”

त्या दिवसापासून मी काडी जरा जास्तच भरून घ्यायला लागले. तोंडाला पुसायचे तेही चांगलं जाडसर.

आज सकाळी काडी आत शिरेना. मी मनातून हरखले, पण चेहरा पाडून मडकं सासूबाईंपुढे ठेवलं.

त्यांनी बोटाने तोंड चाचपलं. “बुजलं गं पुरतं. वडाच्या फांदीला टांगून ये आता.” आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

मी बघतच राहिले.

“अशी काय बघतेस, थोआ? आजोबांना चुना भरवायचा मान घरधनिणीचा. माझे हात थरथरायला लागले तेव्हाच तो मी तुला दिला. वर्ष झालं, तूच भरवतेस ना?”

त्यांनी विडा गालात सरकवला आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“बोल की गं काहीतरी.”

मी केव्हाची ओरडतच होते.