अडखळणारी हाक

समजा, तुमच्या घरी डोक्यावर पिवळा तुरा असलेला एक कॉकाटील पोपट आहे. छकुलीकडे तसाच होता. शाळेत जाण्यापूर्वी ती रोज त्याच्यापुढे बसायची. "छकुली म्हण, छकुली." पठ्ठ्या दारावरची घंटा हुबेहूब वाजवायचा, फोनसारखा खणखणायचा, पण नाव घेईल तर शपथ!

एका संध्याकाळी ती दप्तर ठेवते न ठेवते, तोच पिंजऱ्यातून आवाज आला, "छ... छ... छकु... ली."

आई घाबरली. "अगं बाई, घशात दाणा अडकला वाटतं याच्या!"

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं. "ठणठणीत आहे हो. हे पक्षी जसं कानावर पडतं तसंच बोलतात. घरात कोण अडखळतं?"

"कोणीच नाही," आई बुचकळ्यात पडली. "आम्ही दिवसभर कामावर, ही शाळेत. घरी फक्त हिचे आजोबा. पण चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांनी एक शब्द काढलेला नाही. बोलायचा सराव घ्यायला बाई आल्या, की भिंतीकडे तोंड करून निजतात."

छकुली वाटभर गोंधळलेलीच होती. घरी आल्यावर तिने आजोबांकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिने पिंजरा उचलून आजोबांच्या उशाशी ठेवला. मग त्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती पक्ष्याला म्हणाली, "छान म्हणतोस हं तू. सावकाश म्हण. मला काही घाई नाही."