सासऱ्याचं वावडं

सुनेला शिंक आली आणि व्यंकटरावांनी रिकिबीत टाकलेला पाय खाली घेतला.

परभणीच्या कचेरीत आज बांधाच्या वादाची पेशी होती. पण शिंक झाल्यावर निघायचं कसं? ते आत येऊन बसले, पाणी प्याले. पेशी हुकली.

दैवशाला सून होऊन आल्यापासून हेच चाललं होतं. सासरा घोडीवर बसायला निघाला की तिला शिंका सुटत. डोळे लाल होत, नाकातून पाणी वाहे. ते जेवायला बसले आणि ती भाकरी वाढायला वाकली तरी तेच. शेतात, विहिरीवर मात्र पोरगी ठणठणीत. ओव्याची धुरी झाली, दर्ग्यातला ताईत झाला. शेवटी गावच म्हणायला लागलं, "सुनेला सासऱ्याचं वावडं हाय."

व्यंकटरावांना ते फार लागलं. त्यांनी ताडकळसला व्याह्यांकडं निरोप धाडला, की लेकीला आणून सोडतो. दैवशालाचा नवरा राधाकिशन बापापुढं कधी बोललेला नव्हता. बायकोला माहेरी पोचवायला त्यानं मुकाट्यानं बैल जुंपले. सासू चतुराबाई मात्र सुनेशेजारी गाडीत चढून बसल्या.

व्यंकटराव घोडीवरून पुढं चालले होते. वारा समोरून होता. दैवशाला शिंकत होती आणि रडतही होती. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं म्हणून व्यंकटराव मागं थांबले. गाडी पुढं गेली. शिंका थांबल्या. दैवशालानं डोळे पुसले, शिवाराकडं पाहिलं. "आत्याबाई, हरभरा लय चांगला आलाय इकडं," ती म्हणाली. तेवढ्यात घोडी दौडत पुढं गेली आणि तिला पुन्हा शिंका सुटल्या.

चतुराबाईंनी गाडी थांबवली. "अवं, जरा मागं जाऊन थांबा."

व्यंकटराव मागं गेले. शिंका बंद.

"आता पुढं या."

शिंका सुरू.

"भर रस्त्यात चेष्टा लावलीय का?" व्यंकटराव चिडले.

"चेष्टा न्हाई. घोडी राधाकिशनकडं द्या. त्यो तिला लांब धरंल. तुमी अंगरखा काढा, वढ्यात हातपाय धुवा आन् गाडीत येऊन बसा."

बायकोचा असा आवाज व्यंकटरावांनी पूर्वी ऐकला नव्हता. ते ओढ्यात उतरले. ओल्या अंगानं, नुसत्या बंडीवर सुनेसमोर येऊन बसले. सगळे वाट पाहत राहिले. बैल रवंथ करत होते. दैवशालानं भीत भीत श्वास घेतला. मग भरभरून घेतला. शिंक आली नाही.

"बगा," चतुराबाई म्हणाल्या. "माज्या भावानं वांगं खाल्लं की अंगभर गांधी उठत्यात. तसंच ह्ये. हिला तुमचं न्हाई, घोडीचं वावडं हाय. घोडीचे केस तुमच्या कपड्यावर असत्यात, म्हणून ताटापाशी बी शिंकती."

दैवशालानं पदर नाकावरून काढला आणि सासऱ्याकडं पाहून ती हसली. लग्नापासून तिनं त्यांच्यासमोर असा तोंडावरचा पदर कधी काढलाच नव्हता.

व्यंकटराव बराच वेळ घोडीकडं बघत राहिले. माळेगावच्या जत्रेतून त्यांनी तिला शिंगरू असताना आणलं होतं. मग ते उठले, अंगरखा घातला.

"राधाकिशन, गाडी घराकडं वळीव."

"आन् तुमी?" चतुराबाईंनी विचारलं.

"निरोप धाडलाय. जायाला तर पायजे."

दिवस कलताना ताडकळसच्या वेशीत दैवशालाचे वडील बन्सीधर उभे होते. व्याही एकटेच येताना दिसले आणि बन्सीधर धावत पुढं गेले. "माजी लेक कुठाय?"

व्यंकटराव खाली उतरले. घोडीच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि लगाम बन्सीधरांच्या हातात दिला.

"लेक तिच्या घरी हाय, ईवाई. माहेरी हिला आणलंय."